रोटाच्या संध्याकाळी सोडवलेला पेपर

१

शीलाने टॅब उघडला तो परीक्षा द्यायला, आणि पाहते तर ती आधीच पास होऊन बसली होती.

चुकून दुसऱ्या कोणाचं पान उघडलं असेल म्हणून तिनं पदरानं काच पुसली आणि पुन्हा वाचलं. नाव तिचंच होतं. शीला हेमकांत पाटील, मुक्काम कळसाडी, तालुका शहादा. विषय वित्तीय लेखांकन, चार क्रेडिट. अंतिम चाचणी सादर झाली आहे. गुण शंभरपैकी चौऱ्याण्णव. खाली एक हिरवी खूण, आणि 'अभिनंदन' असा शब्द.

सोमवारची दुपार होती. सकाळीच नदीवर, आदल्या दिवशी घरी बसवलेल्या कानबाई देवीचं विसर्जन झालं होतं आणि आलेले भाऊबंद आपापल्या गावी पांगले होते. नवापूरला दिलेली मुलगी रुचिका तेवढी राखीपर्यंत राहणार होती. श्रावण असल्यामुळे या खेपेला तिनं अंड्यांचे ट्रे आणले नव्हते, नाहीतर ती रिकाम्या हाती माहेरी येत नसे. शीलाने सकाळपासून भांडी लावली, ओटा धुतला, फ्रिज आवरला. फ्रिजमध्ये एका झाकलेल्या ताटात वरण-भात निघाला, घाससुद्धा न मोडलेला. कोणी वाढून घेतला आणि कोणी टाकला, हे विचारत बसायला तिला वेळ नव्हता. नासाडीला चार शब्द सुनावून तिनं तो म्हशीपुढे टाकला, हात पुसले, आणि दार लोटून परीक्षेला बसली. तर ही अशी गत.

शीलाचं बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला तुटलं होतं. लग्न ठरलं, मांडव पडला, आणि पुस्तकं माहेरच्या माळ्यावर गेली. त्यानंतर ऊस झाला, कापूस झाला, दोन मुलं झाली, त्यांची शिक्षणं झाली. मागल्या वर्षी शहाद्याच्या कॉलेजनं जुन्या विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन कोर्स काढला. आपापल्या सवडीनं शिका आणि राहिलेले क्रेडिट मिळवा, असं जाहिरातीत लिहिलं होतं. सवड हा शब्द वाचून शीलाला हसू आलं होतं. तिनं नाव घातलं आणि लसूण सोलताना घसारा शिकली, कापूस निवडताना ताळेबंद शिकली. जावा हसल्या. दीर म्हणाले, वहिनी आता साखर कारखाना चालवणार. शीलानं सगळ्यांना हसू दिलं आणि एकेक धडा पुरा केला.

राहिली होती ती एकच गोष्ट, शेवटची चाचणी. ती एकदाच देता येते. एकदा उघडली की थांबत नाही, आणि मध्येच बंद केली तर शून्य. म्हणून तिनं कानबाईचा धावपळीचा रविवार मुद्दाम टाळून आजची दुपार धरली होती.

आणि ती चाचणी तिच्या नावानं दुसरंच कोणीतरी देऊन गेलं होतं. घरात चोरी झाली होती, फक्त या चोरानं जाताना चौऱ्याण्णव मार्क ठेवले होते. शीलाला त्याचा जितका राग आला तितका राग कोणी दागिने नेले असते तरी आला नसता.

२

हेमकांत संध्याकाळी पतसंस्थेतून आला. तो तिथे सचिव आहे, हिशेबात पक्का आणि लोकांच्या बोलण्याला भिणारा. बायको नापास झाली तर शहाद्यात तोंड कसं दाखवायचं, या चिंतेत त्यानं मागचे दोन महिने काढले होते. त्यानं टॅब हातात घेतला, आकडा पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"चौऱ्याण्णव? शीला, पेढा वाट."

"मी पेपर दियेल नही शे," शीला म्हणाली.

हेमकांतनं सगळं ऐकून घेतलं. मग टॅब हलकेच खाली ठेवला. "कोनी बी दियेल ऱ्हावो. मार्क तुन्हा नावना शेत ना? मंग ठी ले. गावमा कोनले समजाव शे?"

"माले समजनं ना."

"तुले समजनं ते उगी ऱ्हाय."

शीला उगी राहणाऱ्यातली असती तर या वयात घसारा शिकलीच नसती. तिनं तिथल्या तिथे कॉलेजच्या रतिलाल सरांना फोन लावला. कोर्सची जबाबदारी त्यांच्याकडे होती. सरांनी आपल्या संगणकावर नोंद काढली.

"ताई, चाचणी रविवारी संध्याकाळी उघडलेली दिसते. तुमच्याच टॅबवर, तुमच्याच घरच्या वायफायवर. ओटीपी तुमच्याच मोबाइलला गेला आहे. आता तुम्ही म्हणता, ती मी नव्हेच. यावर विश्वास कोण ठेवणार? वरचे लोक म्हणतील, बाईनं घरात बसून दुसऱ्याकडून पेपर लिहून घेतला आणि आता घाबरली."

"मग मी काय करू, सर?"

"दोन रस्ते आहेत. मार्क घ्या आणि गप्प बसा. शुक्रवारी निकाल विद्यापीठाकडे जाईल, तुमची पदवी पुरी होईल. नाहीतर शुक्रवारपर्यंत मला नाव आणून द्या, आणि त्या माणसाचा लेखी जबाब. तसं केलंत तर मी तुम्हाला इथं, माझ्या समोर, नव्यानं परीक्षेला बसवू शकेन. पण नाव नसेल आणि नुसतीच तक्रार असेल, तर कॉपीचा ठपका तुमच्यावर येईल. मग कोर्स तर जाईलच, पुढे दाखल होण्याची परवानगीही जाईल. मी सांगतो तुम्हाला, पहिला रस्ता सोपा आहे."

"सोप्या रस्त्यानं मी एकदा गेले होते सर, लग्नात," शीला म्हणाली. "शुक्रवारी नाव घेऊन येते."

फोन ठेवल्यावर तिला एक गोष्ट जाणवली. सरांनी नेमकी वेळही सांगितली होती. नैवेद्य दाखवून झाल्यावर चाचणी उघडली आणि कानबाईची गाणी सुरू व्हायच्या आत सादर झाली. त्या वेळात घरातला प्रत्येक माणूस कुठे होता, हे शीलाला पक्कं ठाऊक होतं. सगळे तिच्या डोळ्यांसमोर बसले होते.

३

पाटलांच्या घरात कानबाईच्या रोटाची, म्हणजे नैवेद्याच्या जेवणाची, एक रीत आहे. श्रावणातल्या त्या रविवारी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं गव्हाच्या मुठी मोजायच्या आणि त्या पिठाचा स्वयंपाक करायचा. तो स्वयंपाक फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचा. शेजारी नाही, पाहुणा नाही, गडी नाही. दार आतून लावायचं, पातेली मधोमध ठेवायची, बाया-पुरुष, पोरंसोरं सगळ्यांनी एकदम बसायचं. शेवटच्या म्हाताऱ्याचा शेवटचा घास होईपर्यंत कोणी पानावरून उठायचं नाही. उरलेलं पीठसुद्धा पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचं.

म्हणजे चाचणी सोडवणारा बाहेरचा नव्हता, कारण दाराला कडी होती. आणि घरातला नव्हता, कारण घर पंगतीत होतं. टॅब आणि मोबाइल वरच्या खोलीत चार्जिंगला लावलेले होते. पासवर्ड टॅबमध्येच साठवलेला, तो उघडायला अक्कल लागत नव्हती. फक्त जिना चढून वर जाणारा माणूस पाहिजे होता.

मंगळवारी सकाळी शीला सासूबाईंपाशी जाऊन बसली. छबूबाई ओसरीवर वाती वळत होत्या. रोटाचा सगळा कारभार त्यांच्या हातात असतो. मुठी त्या मोजतात, पानं त्या मांडतात.

"आत्याबाई, रोटाले कोन उठेल व्हतं का मझारमा?"

"कोन उठी? मी बठेल व्हतू ना."

"लघवीले बी?"

"पोरेस्ले बी उठू नही दिध. भाऊबंदमधला नथ्थूना नातू रडना, तरी नही." छबूबाईंनी वात खाली ठेवली. "जितल्या नावन्या मुठी, तितलं पान. मी मोजेल शेत. एक बी पान रिकामं नव्हतं. आपला घरना बठ्ठा बठेल व्हतात. पन तू इचारी काबरं ऱ्हायनी?"

"सहज."

"तू सहज कधी इचारस?" म्हातारी म्हणाली आणि पुन्हा वातींकडे वळली.

शीलानं दिराला विचारलं, त्यानं तेच सांगितलं. हेमकांतला विचारलं, तो वैतागला. "मी मायना उजवा हातले बठेल व्हतू. तूच माले पुरी दिधी. आते मन्हावर बी वहीम का?" रुचिका चहा घेऊन आली तेव्हा शीलानं तिच्यापुढे सगळी कहाणी पुन्हा सांगितली. रुचिकानं मान खाली घालून ऐकली, कप उचलले आणि म्हणाली, "जाऊ दे ना मम्मी. चांगला मार्क शेत." तीही बापासारखंच बोलते, असं शीलाच्या मनात आलं आणि तिला वाईट वाटलं.

सगळ्यांचं उत्तर एकच होतं, आपला घरना बठ्ठा बठेल व्हतात, घरचे सगळे पंगतीत बसले होते. शीलाला स्वतःलाही पंगत तशीच आठवत होती, भरलेली आणि ओळीत. मग वरच्या खोलीत पेपर कोणी सोडवला? कानबाई आली होती, ती पाटावरून उठून ताळेबंद मांडून गेली असेल तर गोष्ट वेगळी.

४

बुधवारी शीलानं डोकं दुसरीकडून लावलं. चोराचा चेहरा दिसत नाही, पण त्याचं काम तर समोर पडलंय. तिनं सोडवलेला पेपर उघडला आणि एकेक उत्तर तपासायला घेतलं. शंभरातले चौऱ्याण्णव सोडून दिले. बरोबर उत्तर कोणाचंही असू शकतं. तिला गेलेले सहा मार्क पाहिजे होते.

दोन प्रश्न चुकले होते, आणि दोन्ही सोपे होते. कोर्सच्या व्हिडिओत शिकवणाऱ्या बाईंनी एका शिलाई दुकानाचं उदाहरण घेतलं होतं आणि ते शेवटपर्यंत चालवलं होतं. त्या दुकानावरचे हे प्रश्न. ज्यानं व्हिडिओ पाहिलेत त्याला झोपेत आले असते. म्हणजे पेपर सोडवणाऱ्याला हिशेब उत्तम येतो, पण त्यानं हा कोर्स पाहिलेला नाही. बाकीचं तो दुसरीकडे कुठेतरी शिकून आलेला आहे.

हे हेमकांतला लागू पडत होतं आणि मुलाला, ललितलाही. ललित नंदुरबारला कोंबडीखाद्याच्या एका कंपनीत हिशेब बघायचा आणि रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन करायचा.

शेवटच्या भागात तीन गोष्टींपैकी एक निवडायची होती. किराणा दुकान, कापसाचं जिनिंग, नाहीतर कोंबड्यांचं शेड. शीलानं सरावाला कायम जिनिंग घेतलं होतं, कापूस तिच्या हातातला. हेमकांतनं किराणा घेतला असता, त्याच्या संस्थेचे निम्मे खातेदार दुकानदार. पण पेपर सोडवणाऱ्यानं शेड निवडलं होतं, तिन्हीतलं सर्वांत किचकट. त्यात पिल्लं दगावतात, आणि नेहमीची मर किती, अचानकची किती, हे वेगळं काढून त्यांचा तोटा निरनिराळ्या जागी दाखवावा लागतो. शीलाला तो धडा तीनदा बघावा लागला होता. इथं मात्र पैकीच्या पैकी मार्क होते, कुठं हात अडखळल्याची खूण नव्हती.

कोंबड्या म्हणजे ललित. शीलाला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. लेकरानं मायेपोटी केलं असेल. पण माया असली म्हणून काय झालं, जाब द्यावाच लागणार होता. संध्याकाळी तो हेल्मेट काढतो न काढतो तोच तिनं त्याला अंगणात गाठलं.

"ललित, पेपर तू दिधा ना?"

ललित आधी हसला. मग आईचा चेहरा पाहून त्यानं हसू आवरलं. "मम्मी, मी तुन्हा शेजारी बठेल व्हतू. खीर सांडनी मन्हा पॅन्टवर, तू मालेच बोलनी."

ते खरं होतं. पॅन्ट तिनं आज सकाळीच भिजत घातली होती.

"आनि देख," ललित म्हणाला, "मी खाद्यनं बिल बनाडस. गोण्या कितल्या गयात आनि पैसा कितला उना, इतलंच. कोंबडी मरनी का जगनी, ते शेडवालानं काम शे. माले ते येतच नही." त्यानं टॅबवरचं ते उत्तर वाचलं आणि मान हलवली. "हाई शेडमा रोज हिसाब ठेवनारानं काम शे. मन्हं नही. इतला मार्क माले कधी पडेल शेत का?"

तेही खरं होतं. शीला ओट्यावर बसली. शुक्रवार एक दिवसावर आला होता. कोंबड्यांचा रोजचा हिशेब ठेवणारा माणूस पाहिजे, तो रविवारी घरात पाहिजे आणि पंगतीत नको. असा माणूस पाटलांच्या घरात नव्हता. उद्या नाव मिळालं नाही तर सरांना काय सांगायचं, हे तिला कळेना.

५

गुरुवारी दुपारी छबूबाईंनी आठवण दिली, रोटाचं पीठ उरलंय आणि पौर्णिमा जवळ आली. शीलानं पुऱ्या लाटल्या, खीर केली. छबूबाई पाट मांडू लागल्या. मांडता मांडता त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात सांगितलं, "रुचिकानासाठे येगळं टाक वं. वरण-भात टाक तिन्हा."

शीलानं तांदळाच्या डब्यात हात घातला आणि तो तिथेच थांबला.

वरण-भात. झाकलेलं ताट, घास न मोडलेलं. सोमवारी तिनं स्वतःच्या हातानं ते म्हशीपुढे टाकलं होतं. रोटाच्या दिवशी ज्या घरात दुसरं काही शिजत नाही, तिथे जावांनी वरण-भात कोणासाठी शिजवला होता? लग्न होऊन गेलेल्या लेकीसाठी. लेकीच्या नावाची मूठ लग्नाबरोबर जाते. ती सासरच्या रोटात मोजायची असते. रुचिकाचं सासर गुजरातच्या हद्दीला लागून, तिकडे कानबाई बसवतच नाहीत. म्हणजे तिची मूठ या घरातून गेली होती आणि त्या घरात पोचलीच नव्हती. रविवारी सगळं घर दार लावून जेवायला बसलं तेव्हा रुचिका आपलं ताट घेऊन वर गेली होती. त्याच खोलीत टॅब होता आणि मोबाइल होता. आणि जेवायला वेळ मिळाला नाही म्हणून ताट तसंच खाली आलं.

नवापूरला तिच्या सासऱ्यांची कोंबड्यांची शेडं आहेत. रोजची मर, रोजचं खाद्य, सगळा हिशेब हीच लिहिते आणि जावई सही करतात, हे तिनंच कधीतरी फोनवर सांगितलं होतं. शीलाला ते सगळं माहीत होतं. चार दिवस तिनं अख्खं घर धुंडाळलं, आणि मुलगी समोर चहा ठेवून जात होती.

सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. नवरा, दीर, कोणीच खोटं बोललं नव्हतं. आपला घरना बठ्ठा बठेल व्हतात, हे त्यांच्या हिशेबानं खरंच होतं. आणि शीलानंही तोच हिशेब केला होता. पोटच्या पोरीला तिनं मोजलंच नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तांदळाचा डबा तसाच उघडा टाकून ती जिना चढली.

६

रुचिका वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. आईला दारात पाहिलं आणि तिच्या हातातली घडी सुटली.

"तू वरण-भात काबरं नही खादा?" शीलानं विचारलं.

रुचिकानं घडी उचलली आणि पुन्हा घालायला घेतली. शीलानं तिच्यापुढे सगळं मांडलं. झाकलेलं ताट, शिलाई दुकानाचे सोपे प्रश्न, कोंबड्यांचं शेड, लागलेली कडी, भरलेली पंगत. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "तू बी.कॉम.ले नंदुरबारमा पहिली उनथी. मी इसरी गयी."

मग रुचिका बोलली. ताट घेऊन वर आली तेव्हा खालून सगळ्यांचे हसण्याचे आवाज येत होते. टॅब उघडाच होता, चाचणी तयार आहे असं लिहिलेलं. "नुसतं देखनं व्हतं मम्मी. कसा पेपर ऱ्हास आते, इतलंच. बटन दाबं, तुन्हा मोबाइलवर नंबर उना, मी टाका. मंग घड्याळ सुरू व्हयनं. बंद करं ते तुले शून्य. मी भिवायी गयी. म्हनं आते फुकट कशी जाऊ देऊ, सोडी टाकू." ती थांबली. "पयला प्रश्न सोडा, दुसरा सोडा. मंग भीती गयी. माले अजून येस, मम्मी. बठ्ठं येस. मंग मी थांबनीच नही."

"आनि सांगं काबरं नही?"

"तू मार्क देखीसन खूश व्हशी, असं वाटनं."

शीला खाटेवर बसली. तिला पोरीला जवळ घ्यायचं होतं आणि दोन लगावूनही द्यायच्या होत्या. तिनं दोन्ही केलं नाही.

"ती मन्ही परीक्षा व्हती रुचिका. फेल व्हयनी असती ते मी व्हयनी असती. मन्हं फेल व्हनं बी मन्हंच व्हतं."

रुचिका रडली. शीलानं तिला रडू दिलं. मग सरांची अट सांगितली. नाव आणि लेखी जबाब, उद्यापर्यंत.

जिन्यात उभा राहून हेमकांत ऐकत होता. तो आत आला. "शीला, पोरनं नाव दिशी? नवापूरले समजनं ते जवाई काय म्हनतीन? मार्क ठी ले. हात जोडस."

"नवापूरले समजू द्या," शीला म्हणाली. "त्यास्ना शेडना हिसाब कोन ठेवस, ते बी समजू द्या. तुम्हीन हात नका जोडू. नाव द्यानं का नही, ते तिले इचारा."

हेमकांतनं मुलीकडे पाहिलं. रुचिकानं डोळे पुसले, टेबलावरचा कागद ओढला आणि लिहायला बसली.

शुक्रवारी सकाळी दोघी एसटीनं शहाद्याला गेल्या. रतिलाल सरांनी जबाब वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढला. "ताई, चौऱ्याण्णव मार्क स्वतः होऊन परत करणारी तुम्ही पहिलीच. नवा पेपर निघेल, तो कठीणही असू शकतो. अजून विचार करा."

"विचार सोमवारीच झाला, सर."

सर रुचिकाकडे वळले. "हिच्यावर मात्र काय कारवाई करावी, तेच कळत नाही. ही आमची विद्यार्थिनीच नाही."

"मग करून घ्या," शीला म्हणाली. "एम.कॉम.ला. असाच सवडीचा कोर्स असेल ना? पेपर देण्याची एवढी हौस आहे, तर स्वतःच्या नावानं देऊ दे."

सरांना हसू आलं. त्यांनी शीलाला संगणकापुढे बसवलं आणि स्वतः समोर खुर्ची टाकून बसले. शीलानं शेवटच्या भागात जिनिंग निवडलं. एका ठिकाणी अडकली, एक प्रश्न सोडूनच द्यावा लागला. तिनं सादरचं बटण दाबलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर एकाहत्तर होते. तिनं ते आकडे बोटानं शिवून पाहिले.

घरी आल्या तेव्हा छबूबाई संध्याकाळची पानं मांडत होत्या. रोटाच्या पिठाचा आज शेवट होता, उद्या पौर्णिमा. हेमकांतनं गुपचूप पेढे आणून ठेवले होते. ललितनं आईचे मार्क ऐकले आणि म्हणाला, "एकाहत्तर? मन्हापेक्षा जास्तच शेत." सगळे पाटांवर बसले. रुचिका सवयीनं आपलं ताट उचलून जिन्याकडे निघाली.

शीलानं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं, ओळीत आपल्या शेजारी ठेवलं, आणि त्यावर रोटाची पुरी वाढली.

छबूबाईंनी पानं मोजायला बोट वर केलं होतं, ते तसंच राहिलं.

"आत्याबाई, एक मूठ कमी मोजायनी व्हती," शीला म्हणाली. "दोन्ही घरमा. मी चार दिन त्यामुळेच फसनी."

म्हातारीनं सुनेकडे पाहिलं, मग नातीकडे. रुचिका अजून उभीच होती. छबूबाईंनी बोट पुन्हा पहिल्या पानापासून फिरवलं, ओठातल्या ओठात मोजत शेवटच्या पानापर्यंत नेलं, आणि रुचिकाचं पानही मोजणीत धरलं.

"बठ वं," त्या रुचिकाला म्हणाल्या. मग सुनेकडे न बघता त्यांनी खिरीचं पातेलं पुढे सरकवलं. "आनि तू, पुढला साले गहू तूच मोज. तू ते हिसाब शिकनी ना आते."

रुचिका बसली. तिनं पुरी मोडली, खिरीत बुडवली आणि खाल्ली. पानावरून कोणीही उठायच्या आत तिनं दुसऱ्यांदा खीर मागून घेतली.